मृतांचे गाव, जिवंतांचे नगर



१८९१ साली बंगळूरच्या यशवंतपूर भागात जमीन खणताना रूप्याच्या नाण्यांचा एक साठा सापडला. दीडशेहून अधिक नाणी होती आणि त्यांवर रोमच्या सम्राटांचे मुखवटे होते. पुढे १९६५ साली याच नगराच्या पूर्वेस, विमान कारखान्याच्या परिसरात, रोमन नाण्यांचा आणखी एक साठा उजेडात आला. ज्या भूमीवर आज आठ-दहा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, त्या भूमीशी दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठच्या एका साम्राज्याचा काही ना काही संबंध आला होता, एवढे या नाण्यांवरून निश्चित होते. हा संबंध व्यापाराचा होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु रोम आणि कर्नाटकचे पठार यांना जोडणारा एक दुवा असाही आहे की ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो दुवा म्हणजे थडगी. या दोन्ही प्रदेशांतील माणसे आपल्या मृतांचे काय करीत होती, आणि ते शेकडो वर्षांनंतर उत्खनकाच्या कुदळीला कसे कळले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम रोमकडे वळू. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यास रोमन लोकांनी आपले कायदे बारा पाट्यांवर कोरून जाहीर केले. त्यांतील एक कलम असे होते की नगराच्या हद्दीत कोणीही प्रेत पुरू नये अथवा जाळू नये. या एका कलमाने रोमन नगरांचे रूप ठरवून टाकले. वेशीबाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या दुतर्फा थडगी उभी राहिली. नगरात येणारा प्रवासी जिवंत नागरिकांना भेटण्यापूर्वी मृतांच्या रांगेतून चालत येई.

रोमचे बंदर असलेले ओस्तिया आणि त्याच्या उत्तरेस पुढे बांधलेले नवे बंदर यांच्यामधील रस्त्यावर इसोला साक्रा नावाची अशीच एक स्मशानभूमी आहे. ग्विदो काल्त्सा या इटालियन पुरातत्त्वज्ञाने १९२५ नंतरच्या काळात तेथे उत्खनन केले आणि १९४० साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वाळूखाली गाडली गेल्यामुळे ही भूमी उत्तम स्थितीत राहिली होती. तेथील थडगी म्हणजे विटांची लहान लहान घरेच आहेत. त्यांना दार आहे आणि दारावर संगमरवरी पाटी आहे. पाटीवर मालकाचे नाव, जागेची लांबी आणि रुंदी आणि आत कोणाकोणाला स्थान मिळावे याचा तपशील आहे. आपल्याकडे जमिनीच्या सातबाऱ्यावर असते तशीच ही नोंद. बहुतेक पाट्यांवर मालकाने आपल्या मुक्त केलेल्या दासदासींना आणि त्यांच्या वंशजांनाही त्या घरात जागा दिलेली आढळते. एका थडग्याच्या दर्शनी भागावर भाजक्या मातीची दोन शिल्पे आहेत. एका शिल्पात स्क्रिबोनिया अत्तिके नावाची सुईण बाळंतिणीपुढे बसली आहे, तर दुसऱ्यात तिचा वैद्य पती रुग्णाच्या पायावर उपचार करीत आहे. ही दोघे राजघराण्यातील नव्हती. हातातल्या कसबावर पोट भरणारी ही माणसे आपल्या धंद्याच्या रूपानेच लोकांच्या स्मरणात राहू इच्छीत होती.

या घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत गरिबांची दफने आहेत. ज्यांना विटांचे घर परवडत नसे त्यांच्या अस्थी अथवा राख मातीच्या मोठ्या कुंभाखाली ठेवून कुंभाची तोंडे जमिनीबाहेर राहू दिलेली होती. काही ठिकाणी थडग्यात नळी बसविलेली आढळते. ही तोंडे आणि या नळ्या कशासाठी होत्या? श्राद्धाच्या दिवशी नातेवाईक येत आणि त्यांतून मद्य, दूध वा मध आत ओतीत. दरवर्षी १३ ते २१ फेब्रुवारी हे नऊ दिवस रोमन लोक पितरांचे दिवस म्हणून पाळीत. त्या काळात देवळे बंद असत आणि विवाह होत नसत. भाद्रपदातील पितृपंधरवडा ज्यांच्या घरी पाळला जातो, त्यांना हे वर्णन परके वाटण्याचे कारण नाही.

गरिबांना मरणाची चिंता कशी होती याचा आणखी एक पुरावा रोमजवळच्या लानुवियम या गावी सापडलेल्या शिलालेखात आहे. इ. स. १३६ मधील हा लेख म्हणजे अंत्यविधीसाठी स्थापन झालेल्या एका मंडळीचे नियम होत. प्रवेश फी शंभर सेस्तर्स आणि चांगल्या मद्याचा एक कुंभ. त्यानंतर दरमहा पाच अस वर्गणी. सभासद वारला म्हणजे त्याच्या अंत्यविधीसाठी तीनशे सेस्तर्स मिळत. त्यांतील पन्नास चितेपाशी हजर राहणाऱ्यांत वाटले जात. या मंडळीत दासही सभासद होते. परंतु दास मेल्यावर त्याच्या मालकाने आकसाने त्याचे प्रेत देण्याचे नाकारले तर? अशा वेळी मंडळीने त्याचा कल्पित अंत्यविधी करावा, असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. देह हाती नसला तरी विधी चुकता कामा नये, ही ती भावना होय. आपल्याकडे परदेशी मेलेल्या किंवा ज्याचे प्रेत मिळाले नाही अशा माणसासाठी पळसाच्या पानांचा वा दर्भाचा पुतळा करून पालाशविधी करतात, तो याच भावनेतून.

आता बंगळूरच्या भोवतालच्या प्रदेशाकडे येऊ. या पठारावर ग्रॅनाइटचे खडक उघडे पडलेले आहेत. आगीने तापवून आणि पाचरी ठोकून या दगडाच्या सरळ फरश्या सुटतात. या फरश्यांची चौकोनी पेटी जमिनीत रोवून, तिच्यावर एकच जड शिळा झाकण म्हणून ठेवून आणि भोवती गोट्यांचे वर्तुळ रचून लोहयुगातील लोकांनी आपल्या मृतांची स्थाने बांधली. पुरातत्त्वज्ञ त्यांना महापाषाणीय दफने म्हणतात. खेड्यातील माणसांनी त्यांना आपल्या परीने नाव दिले. कोठे ती पांडवांची घरे झाली, तर कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेणकलच्या डोंगरावर ती मोर्यांची घरे म्हणून ओळखली जातात. थडगे हे घर आहे, ही कल्पना इसोला साक्राच्या वीटकामात जशी आहे तशीच ती या कानडी नावांतही आहे.

या घरांकडे अभ्यासकांचे लक्ष एकोणिसाव्या शतकात गेले. शोरापूर संस्थानात अधिकारी असलेल्या मेडोज टेलर याने अशी अनेक स्थाने पाहिली, काही खणली आणि त्यांची चित्रे काढली. बंगळूरच्या पश्चिमेस मागडी तालुक्यात सावनदुर्गाचा प्रचंड खडक आहे. त्याच्या पायथ्याशी असलेल्या दफनभूमीचे वर्णन ब्रॅनफिल या लष्करी अधिकाऱ्याने १८८१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९५७ मध्ये म्हैसूर विद्यापीठाचे एम. शेषाद्री यांनी होसकोटे तालुक्यातील जडिगेनहळ्ळी येथे पद्धतशीर उत्खनन केले. परंतु या विषयाला कालक्रमाची चौकट प्रथम मिळाली ती १९४७ साली, चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी येथे.

ब्रह्मगिरी हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना अशोकाच्या आज्ञेमुळे परिचित आहे. बंगळूर येथे जन्मलेल्या लुईस राइस यांनी ती आज्ञा १८९२ साली उजेडात आणली. त्याच डोंगराच्या पायथ्याशी एक प्राचीन वसाहत आणि तिच्याजवळ सुमारे तीनशे महापाषाणीय थडगी होती. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे तत्कालीन प्रमुख मॉर्टिमर व्हीलर यांनी वसाहतीत चर घेतले आणि दहा थडगी उघडली. त्यांपैकी सहा दगडी पेट्यांची होती आणि चार वर्तुळाकार खड्ड्यांची.

दगडी पेटीची रचना पाहण्यासारखी आहे. चार उभ्या फरश्या कोपऱ्यात नुसत्या टेकविलेल्या नाहीत. प्रत्येक फरशीचे एक टोक शेजारच्या फरशीच्या पुढे गेलेले असते, त्यामुळे वरून पाहता स्वस्तिकासारखी आकृती दिसते. बाहेरच्या मातीचा दाब जितका वाढेल तितकी पेटी अधिकच घट्ट होते. पूर्वेकडील फरशीत एक गोल भोक कोरलेले असते. आत तळाशी काळी-तांबडी मडकी, लोखंडी हत्यारे आणि मणी ठेवलेले आढळले. मडकी भट्टीत उपडी ठेवून भाजल्यामुळे ती आतून व काठाशी काळी, आणि बाहेरून तांबडी झालेली होती. या वस्तूंबरोबर अस्थी होत्या. पण त्या एका देहाच्या पूर्ण सांगाड्याच्या नव्हत्या. अनेक व्यक्तींच्या कवट्या आणि हातापायांची लांब हाडे गोळा करून ठेवलेली होती. याचा अर्थ, देह प्रथम अन्यत्र ठेवला जाई आणि मांस नाहीसे झाल्यावर निवडक अस्थी या पेटीत आणल्या जात. वर्तुळाकार खड्ड्यांत मात्र मानवी अस्थी मिळाल्या नाहीत. तेथेच प्रेते प्रथम ठेवीत असावेत, असा तर्क व्हीलर यांनी केला.

हा तर्क मान्य केला तर त्या समाजात मरण ही एका दिवसाची घटना नव्हती. प्रेत ठेवणे, वाट पाहणे, अस्थी वेचणे, फरश्या ओढून आणणे आणि शेवटी त्या अस्थी पूर्वजांच्या अस्थींत मिसळणे, असा तो लांबलेला क्रम होता. त्यासाठी अनेक हातांची गरज होती. कित्येक टन वजनाची झाकणशिळा एका कुटुंबाला हलविता येत नाही. थडगे बांधणे हे गावाचे काम होते. आणि एकाच पेटीत अनेकांच्या अस्थी ठेवणे याचा अर्थ मेलेला माणूस आपल्या माणसांतच परत जातो, असा त्या लोकांनी मानला असावा.

आता प्रश्न उरला काळाचा. या थडग्यांत लेख नाहीत, नाणी नाहीत. मग ती केव्हाची? येथे रोम पुन्हा उपयोगी पडले. १९४५ साली व्हीलर यांनी पाँडिचेरीजवळ अरिकामेडू येथे उत्खनन केले होते. तेथे इटलीतील आरेत्सो नगरी बनलेली लाल, चकचकीत भांडी मिळाली. ती कोणत्या काळी बनत होती हे युरोपात पक्के ठाऊक होते. त्यांच्याबरोबर चक्राकार नक्षीची जी भांडी सापडली, तशाच भांड्यांचे तुकडे ब्रह्मगिरीत आणि चित्रदुर्गाजवळच्या चंद्रवळ्ळीत मिळाले. आणि चंद्रवळ्ळीत तिबेरियस सम्राटाचे रौप्यनाणेही मिळाले. या दुव्यांच्या आधारे व्हीलर यांनी ब्रह्मगिरीची महापाषाणीय संस्कृती इ. स. पू. सुमारे २०० पासून इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंतची ठरविली. परमुलखातील कुंभाराच्या एका खापराने आपल्याकडील नामहीन मृतांना शतक मिळवून दिले.

मात्र हा निर्णय अंतिम ठरला नाही. १९६५ साली एम. एस. नागराज राव यांनी तुंगभद्रेच्या काठी हळ्ळूर येथे उत्खनन केले. तेथील कोळशाच्या कार्बन पद्धतीने काढलेल्या तारखांवरून लोखंडाचा वापर या भागात इ. स. पू. १००० च्या सुमारास सुरू झाला असावा असे दिसून आले. व्हीलर यांच्या कालक्रमाचा शेवट रोमन पुराव्यावर उभा होता आणि तो टिकला. त्याचा प्रारंभ अंदाजावर उभा होता आणि तो कित्येक शतके मागे न्यावा लागला. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की व्हीलर यांनी प्रत्येक थर, प्रत्येक खापर आणि प्रत्येक हाडाची जागा नोंदवून अहवाल तत्काळ प्रसिद्ध केला होता. म्हणूनच नंतरच्या अभ्यासकांना त्यांची चूक दाखविता आली. ज्याने नोंदच ठेवली नाही त्याची चूक कोण सुधारणार?

थडग्यांची ही कथा कर्नाटकापुरती मर्यादित नाही. विदर्भात नागपूरच्या परिसरात जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड अशा अनेक ठिकाणी शिलावर्तुळे आहेत. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील काहींचे उत्खनन केले. माहुरझरीच्या दफनांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले होते, आणि नैकुंडला लोखंड वितळविण्याची भट्टी मिळाली.

त्याहूनही हृदयस्पर्शी पुरावा पुणे जिल्ह्यातील इनामगावचा आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील या शेतकऱ्यांच्या गावात मृतांना गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखाली अथवा अंगणात त्यांचे दफन होई. लहान मूल गेले तर दोन मडकी आडवी ठेवून, तोंडाला तोंड लावून, त्यांत त्याला निजवीत. आईच्या उदराची आठवण करून देणारी ही रचना आहे, असे पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. प्रौढांना मात्र उत्तरेस डोके करून उताणे निजवीत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मृताने घर सोडून जाऊ नये अथवा भूत होऊन हिंडू नये यासाठी असे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ज्या महाराष्ट्रात भुताचे पाय उलटे असतात असे आजीबाई अजून सांगतात, तेथे हा तर्क अगदीच असंभवनीय वाटत नाही. तेथेच एका प्रौढाला चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेले आढळले. त्याचे पाय तोडलेले नव्हते. त्याच्यासोबतच्या एका भांड्यावर वल्ह्यांची नाव चितारली होती.

मुलांच्या बाबतीत तर रोम आणि भारत यांच्यातील साम्य थक्क करणारे आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने नमूद केले आहे की दात येण्यापूर्वी वारलेल्या मुलाला जाळू नये, असा सर्वत्र प्रघात आहे. मनुस्मृतीत दोन वर्षांच्या आतील मुलाला दहन न करता पुरण्याचे विधान आहे, आणि हा आचार अनेक मराठी घरांत आजही पाळला जातो. एकाने दुसऱ्यापासून ही रीत घेतली, असे म्हणण्यास काहीही आधार नाही. ज्या जिवाने अजून घास चावला नाही त्याला अग्नीत घालण्यास माणसाचा हात कचरतो, एवढाच या साम्याचा अर्थ असावा.

या सर्व विवेचनानंतर पुन्हा यशवंतपूरच्या नाण्यांकडे वळले पाहिजे. तेथे दीडशेहून अधिक नाणी मिळाली. परंतु ती कोणत्या थरात, कोणत्या भांड्यांबरोबर, कोणत्या वस्तीत होती हे नोंदविणारा पुरातत्त्वज्ञ तेथे नव्हता. त्यामुळे ती व्यापाराची साक्ष देतात आणि गप्प बसतात. उलट चंद्रवळ्ळीच्या एका नाण्याने दक्षिण भारताच्या इतिहासातील एका युगाची सीमा ठरविण्यास मदत केली, कारण ते आपल्या जागी सापडले. वस्तूचे मोल तिच्या धातूत नसते, ते तिच्या जागेत असते. थडग्याला तर ही गोष्ट शतपटीने लागू आहे. फरश्या, मडकी आणि हाडे वेगवेगळी केली की उरतात केवळ फरश्या, मडकी आणि हाडे.

आणि हीच जागा आज नाहीशी होत आहे. बंगळूर नगर चारही दिशांना पसरत आहे. २००८ साली देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाला आणि त्याच्या रस्त्यावरील चिक्कजालसारखी गावे, जेथे महापाषाणीय दफने आहेत, नगराच्या कवेत आली. आयती तासलेली ग्रॅनाइटची फरशी घराच्या ओट्याला, शेताच्या बांधाला सोयीची पडते. वर्तुळाचे गोटे नांगराला आडवे येतात. खडी फोडणाऱ्याला शिळा ही शिळाच दिसते. यांत कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. पूर्वी पांडवांच्या घराला हात लावू नये ही श्रद्धा त्या दगडांचे रक्षण करीत होती. ती श्रद्धा गेली आणि तिच्या जागी ज्ञान मात्र आले नाही. १९५८ च्या कायद्याने स्थळ संरक्षित घोषित करता येते, परंतु जे स्थळ शेजाऱ्यांनाच ठाऊक नाही त्याचे रक्षण फलकाने होत नाही. हिरेबेणकलचा समावेश २०२१ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण प्रत्येक वर्तुळाच्या नशिबी असा डोंगर आणि अशी कीर्ती नसते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. मृतांना मृतांच्या जागी राहू द्यावे. उत्खनक तरी दुसरे काय करतो? तोही पेटी उघडतो आणि अस्थी उचलतो. या आक्षेपाचे पूर्ण निरसन होऊ शकत नाही. थडगे एकदाच खणता येते; खणण्याबरोबर ते नष्टही होते. म्हणून उत्खनकावर ऋण असते, आणि ते तो तीन प्रकारे फेडू शकतो. जेथे धोका नाही तेथे त्याने हात लावू नये. जेथे हात लावला तेथे तिळाएवढी गोष्टही नोंदल्याशिवाय सोडू नये. आणि जे कळले ते आपल्या कपाटात न ठेवता लोकांना, विशेषतः त्या गावच्या लोकांना, त्यांच्या भाषेत सांगावे.

दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरे नावाचे खेडे आहे. १६६४ साली शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा तेथे अंत झाला. ज्या शहाजींना काही वर्षे बंगळूरची जहागीर होती, त्यांची समाधी त्या खेड्यात आहे. तेथे जाणारा मराठी माणूस चपला काढून उभा राहतो, कारण ते नाव त्याला ठाऊक असते. सावनदुर्गाच्या पायथ्याशी ज्यांच्या अस्थी होत्या त्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही; त्यांची भाषाही आज कोणी सांगू शकत नाही. तथापि कोणीतरी त्या अस्थी वेचून आणल्या होत्या, फरश्या एकमेकींत बसविल्या होत्या, पूर्वेला भोक कोरले होते आणि आत भरलेले मडके ठेवले होते. रोमच्या वेशीबाहेर नळीतून मध ओतणाऱ्या माणसाने आणि इनामगावात दोन मडक्यांची तोंडे जुळविणाऱ्या आईने जे केले, तेच त्यांनीही केले. नावाची पाटी नसली तरी चपला काढण्यास एवढे कारण पुरेसे आहे.